बिनखात्याच्या मंत्र्यांचं अधिवेशन

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरचं हिवाळी अधिवेशन बघायला गेलो. विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरून थेट आमदार निवास गाठलं. ओळखीच्या पीएने प्रेक्षक गॅलरीचा पास काढून ठेवला होता. खोली आमदारसाहेबांची, पण गाद्यांवर झोपलेले सगळे कार्यकर्तेच. साहेब कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन इथे होतं. त्या वर्षीचं मात्र जेमतेम सहा दिवसांचं, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांच्या घोषणा रंगल्या होत्या. कॅमेरे दुसरीकडे वळले तशा त्या ओसरल्या.

मोबाइल बाहेर जमा करून गॅलरीत बसलो. खाली एक विधेयक मताला आलं. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." होय! "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." इकडून थोडे आवाज. "होयचे बहुमत, होयचे बहुमत." झालं! मी चष्मा पुसेपर्यंत कायद्याचं एक पाऊल पुढे पडलं होतं. खरं तर मोजायचं होतं काय? २८८ च्या सभागृहात सत्ताधारी २३० च्या वर. शिवाय १९८५ पासून राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आहे. व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला की आमदारकीवर गदा, आणि निवाडा अध्यक्षांकडे. म्हणजे आमदाराचं मत सभागृहात येण्याआधीच पक्षाच्या बैठकीत ठरलेलं. २०२२ च्या शिवसेनेतल्या फुटीनंतर तर व्हिप नेमका कुणाचा, यावरच भांडण लागलं. व्हिप काढणारा प्रतोद विधिमंडळ पक्ष (म्हणजे सभागृहातले आमदार) नव्हे, राजकीय पक्ष नेमतो, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२३ मध्ये सांगावं लागलं.

विधानसभेत विरोधी पक्षनेताही नव्हता. प्रथेप्रमाणे एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात. विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे होते २०.

पण खरी गंमत मंत्र्यांची. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी इथल्याच राजभवनात ३९ जणांनी शपथ घेतली, खाती मात्र कुणालाच नाहीत! ती जाहीर झाली अधिवेशन संपल्यावर, २१ तारखेला रात्री. सत्तेतल्या तीन पक्षांचं जमेपर्यंत आठवडाभर मंत्री नुसतेच मंत्री. तरी हार-गुच्छ घेऊन येणाऱ्यांत काही कमी दिसली नाही. मंत्री म्हटलं की माणसं येतातच.

संध्याकाळी परत आमदार निवासात आलो. जिन्यापाशी एक आजोबा प्लास्टिकच्या फाइलमध्ये निवेदन घेऊन उभे. कालव्याचं पाणी शेतापर्यंत पोचत नाही, अशी तक्रार.

"पाटबंधारे खातं कोणाकडं हाय जी?"

पीए हसला. "अजून कोणाकडेच नाही, आजोबा. खातेवाटप व्हायचंय."

आजोबांनी फाइल उघडून पानं मोजली. मग विचारलं, "झेरॉक्सवाला कुठसा हाय? सगळ्याइलेच एकेक देऊन ठेवतो."