चाळीस मुलं, दोन दोर

आमच्या शाळेचं सातवीचं शिबिर नाताळच्या सुट्टीला लागून पानशेतला असायचं. तीन दिवस, दोन रात्री. प्रासंगिक करारावरची एसटी सकाळी ७ वाजता फाटकाशी लागायची आणि खडकवासला, डोणजे, खानापूर करत धरणाच्या पाण्याकाठी पोचायची. अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण खानापूरच्या पुढच्या वळणांवर पहिली उलटी ठरलेली. पोटभर पोहे खाऊन मागच्या बाकावर बसलेलं पोर हमखास आधी. म्हणून पुढचे दोन बाक रिकामे ठेवायचे आणि बाईंच्या पिशवीत आवळासुपारी.

शिबिर म्हटलं की सगळ्यांना रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, आठवतं. पण जरा हिशोब करून पाहा. ४० फुटांच्या कड्यावर हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घालणं, तपासणी, उतरणं आणि सोडवणं धरून एका मुलाला ७ मिनिटं लागतात. मुलं ४०. एका दोरावर पावणेपाच तास, दोन दोर लावले तरी सव्वादोन. उतरणाऱ्याची मजा दोन मिनिटांची, बाकी सगळी रांग. त्यामुळे ज्याला रांग सांभाळता येते त्यालाच शिबिर जमतं, असं आमचं पक्कं मत आहे.

रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तीन मीटर दोरी असायची आणि तिच्यावर गाठी. आधी चौकोनी, मग आठाची, शेवटी बोलाइन. आठाची गाठ मुलं पटकन शिकतात, पण दोन्ही पदर एकमेकांवर चढवून ठेवतात. पदर शेजारी-शेजारी, आगगाडीच्या रुळांसारखे दिसले पाहिजेत, नाहीतर चुकलेली गाठ नजरेत येत नाही. दोरावर पाय द्यायचा नाही हा पहिला नियम. पायाखालची बारीक खडी वरच्या विणीतून आत घुसते आणि आतले धागे कापत राहते, बाहेरून काहीच कळत नाही. चुकून पाय लागलाच, तर पुस्तकाला करतात तसा नमस्कार. हे कुणी शिकवलं नव्हतं, मुलं आपसूक करायची.

कड्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला दोन दोर: ११ मिलिमीटरचा मुख्य दोर आणि वरून धरलेला बिलेचा, म्हणजे सुरक्षेचा, दोघांचे अँकर (वर बांधायच्या जागा) वेगळे. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर, कारण सैल आणि खाली राहिला तर उलटं झालेलं मूल त्यातून निसटू शकतं. हेल्मेटच्या पट्ट्यात हनुवटीखाली दोन बोटं जावीत, तीन नाहीत. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून झाला की तिचं उघडणारं गेट दाबून पाहायचं. नुसतं बघून भागत नाही. वेणी आत, टी-शर्ट खोचलेला, ओढणी खाली मैत्रिणीकडे. आठच्या आकाराच्या डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या कडीत, केस अडकले तर चाकू काढायचा नाही. ताणलेला दोर पातं नुसतं टेकलं तरी तुटतो. बिलेच्या दोरावर वजन घेऊन मुख्य दोर सैल करायचा आणि केस हाताने सोडवायचे.

मुलं चुकतात ती पहिल्याच पावलाला. भीतीने कड्याला मिठी मारतात, पाय घसरतात, गुडघे सोलतात. ‘खुर्चीत बस’ म्हटलं की काम होतं. पाय खांद्याएवढे फाकवून तळवे खडकावर सपाट, उजवा हात कमरेशी. वेग त्या खालच्या हातात असतो. डावा हात वरचा दोर जिवाच्या आकांताने आवळून धरतो, त्याचा उपयोग शून्य.

संध्याकाळी खिचडी. मोठी माणसं धरून ४६ जणांना ४ किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ आणि मापाने तिप्पट उकळतं पाणी. चुलीवरचं पातेलं बुडाला लागतं ते पाणी आटल्यावरही जाळ तसाच ठेवल्यामुळे. लाकडं ओढून घ्यायची आणि थोडे निखारे झाकणावर. लागलीच तर डाव बुडापर्यंत घालायचा नाही, वरची अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायची. खरवडली की करपट वास सगळीकडे.

सकाळी ठरलेली तक्रार: ‘सर, तंबू गळतो.’ तंबू गळत नसतो. चार जणांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर पाणी होऊन टपकते, आणि थंडी म्हणून पोरांनी खिडकीची चेन गच्च लावलेली असते. चार बोटं उघडी ठेवली की अंथरूण बरंचसं कोरडं. बूट मात्र उपडे करून, झटकून घालायचे. विंचवाला उबदार जागा आवडते.

परतल्यावर दोर साध्या पाण्यात धुऊन गॅलरीत सावलीत टाकायचे. उन्हात नाही, नायलॉन कमकुवत होतं. वाळले की हातभर-हातभर पुढे सरकवत बोटांनी चाचपायचे, कुठे मऊ पडलंय, कुठे फुगलंय. या कामाला आठवीची मुलं न बोलवता यायची.