तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जपानी मांजरांबद्दल

"एवढं जपानी येतं, आणि वाचता काय, तर मांजरांच्या चित्रकथा?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, चाकणच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विचारून झालंय. शनिवार-रविवारी मी ज्यांना जपानी शिकवते, ती मुलं तर "सेन्सेई, सीरियसली?" एवढ्यात सगळं विचारून मोकळी होतात. आजवर "आवडतं बाई" म्हणून वेळ मारून नेली. परवा भाचीने या प्रश्नाला शेपूट जोडलं: "मावशी, एवढं आवडतं तर घरात मांजर का नाही?" म्हटलं, आता एकदाचं लिहूनच टाकू.

आधी 'हे तर लहान मुलांचं वाचन' असं म्हणतात, ते प्रकरण मिटवते. 'व्हॉट्स मायकल?' ही माकोतो कोबायाशींची मालिका 1984 साली 'मॉर्निंग' नावाच्या नियतकालिकात सुरू झाली. 'मॉर्निंग' म्हणजे टाय लावून ट्रेनने ऑफिसला जाणाऱ्या पुरुषांचं वाचन. कोबायाशी त्याआधी रग्बी, जुदो, कुस्ती असल्या घामाघूम गोष्टी काढत. या माणसाने एक नारिंगी पट्ट्यांचा बोका काढला आणि चित्रकथांसाठीचा 1986 चा कोदान्शा पुरस्कार मिळवला. मायकल कोणाचा, हेसुद्धा धड ठरलेलं नाही. या प्रकरणात एका घरात, पुढच्यात भलत्याच. उडी चुकली की काही झालंच नाही अशा थाटात नाचायला लागतो. मांजर पाळलेल्या कोणालाही विचारा, नाच सोडला तर बाकी सगळं खरं आहे. कपाटावरून धपकन पडल्यावर तातडीने पंजा चाटायला घेणारं मांजर आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

मायकलचं पहिलं पुस्तक माझ्या हातात दिलं ते एका जपानी अभियंत्याने. दिवसभर मी त्यांच्यासाठी दुभाषाचं काम करायचे. दिवसभर मायक्रॉनवरून वाद, आणि चेहऱ्यावर एक रेष हलायची नाही. परत जाताना त्यांनी गेस्ट हाऊसमधलं सामान वाटून टाकलं. कोणाला राइस कुकर मिळाला, मला मायकल. "व्याकरण सोपं आहे," एवढंच म्हणाले. व्याकरण मुळीच सोपं नव्हतं.

दुसरी समजूत: मी हे ताण घालवायला वाचते. अगदी सहानुभूतीने म्हणतात, "बरं असतं हो, डोक्याला ताप नाही." याचा मला खरंच राग येतो. डोक्याला ताप नको असेल तर मी झोपेन की. जुंजी इतोंचं नाव भयकथा वाचणाऱ्यांना सांगायला नको. त्यांनीही स्वतःच्या घरातल्या दोन मांजरांची डायरी काढली, योन आणि मू. योनच्या पाठीवर कवटीसारखा डाग. होणाऱ्या बायकोला इतोंनी बुबुळं न काढता पांढऱ्या डोळ्यांची दाखवली आहे. रेघा, सावल्या, चेहरे, सगळं त्यांच्या भयकथांतलं. आणि घडतं काय, तर मांजर या माणसाजवळ येत नाही, तिच्याजवळ जातं, म्हणून याचा जळफळाट. मी ते वाचताना मोठ्याने हसले होते, आणि मग गप्प झाले होते, कारण तो जळफळाट मी आमच्या घरात केलेला आहे. आमची मांजर माझ्या आईच्या पायाशी झोपायची.

आपल्याकडे मांजर गोष्टीत येतं ते कामाला लावायला. डोळे मिटून दूध प्यायला, आडवं जायला, गळ्यात घंटा बांधून घ्यायला, नाहीतर वाघाची मावशी व्हायला. मला ज्या चित्रकथा आवडतात त्यांत मांजराला असं काही काम नाही. ते सुधारत नाही, उपकार फेडत नाही, शेवटी घराला आगीतून वाचवत नाही. चार पानं ते खोक्यात बसायचा प्रयत्न करतं, आणि खोकं लहान असतं. "यात घडत काहीच नाही," असं तुम्ही तक्रारीने म्हणता; मी तेच कौतुकाने म्हणते, आणि आपलं भांडण तिथेच अडतं.

बरं, 'काहीच घडत नाही' हेही सगळीकडे खरं नाही. युमिको ओशिमा या चित्रकर्तीचं सांगते, कारण त्यांच्याबद्दल मला कोणी विचारतच नाही. 1978 साली त्यांनी 'वाता नो कुनीहोशी' सुरू केलं. त्यातलं मांजराचं पिल्लू त्यांनी मांजर म्हणून काढलंच नाही. झालरीच्या फ्रॉकातली, मांजराचे कान असलेली छोटी मुलगी काढली. तिची पक्की समजूत असते की मांजरं मोठी झाली की माणसं होतात. मग दुसरं एक मांजर तिला सांगतं की असं होत नाही. पुढे ओशिमांनी स्वतःच्या साबा या मांजराच्या गोष्टी काढल्या, त्यात साबाही माणसाच्याच रूपात. साबा गेली. त्यानंतर गूगू आला आणि 'गूगू दात्ते नेको दे आरू', म्हणजे 'गूगूसुद्धा मांजरच आहे', सुरू झालं. त्यात गूगू पहिल्यापासून मांजर आहे, चार पायांचं, साधं. एका चित्रकर्तीला मांजर मांजरासारखं काढायला इतकी वर्षं आणि एक मरण लागलं, असं मी वाचते. त्या स्वतः असं कुठे म्हणाल्या आहेत असं नाही, हे माझं वाचन. त्याच मालिकेत त्यांचा स्वतःचा कॅन्सरही येतो, आणि त्या दुखण्यात मांजरांची सोय कशी लावायची हा प्रश्नही तितकाच मोठा होऊन येतो. 2008 साली या मालिकेला चित्रकथांसाठीचा तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. डोक्याला ताप नाही म्हणे!

आता भाचीचा प्रश्न.

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायचा ठरला तेव्हा आमच्याकडे सुंठी होती. करडी, शेपटीचं टोक पांढरं. कोथरूडला सातव्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली होती. सामान हलवायच्या दिवशी तिला न्हाणीघरात कोंडून ठेवलं, दाराला बाहेरून कागद चिकटवला: 'उघडू नये'. टेम्पोवाल्यांपैकी कोणीतरी हात धुवायला उघडलं. मी पोचेपर्यंत सुंठी कौलांवर होती, आणि तिथून पुढे दिसलीच नाही. आई म्हणाली, "कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. येईल परत वाड्यात." पण वाडाच राहणार नव्हता, हे त्या म्हणीत बसत नव्हतं.

कामावरून सुटले की मी आधी पेठेत जायची. अर्ध्या उघड्या वाड्यात, दारं-चौकटी काढून नेलेल्या खोल्यांतून सुकटाचा पुडा वाजवत हाका मारायची. बिल्डरचा वॉचमन सुरुवातीला हाकलायचा, नंतर तोही हाका मारायला लागला. झेरॉक्सच्या दुकानात पत्रकं काढली. दुकानदार म्हणाला, "ताई, बक्षीस लिहा, नाहीतर कोणी बघणार नाही." लिहिलं. बक्षिसामुळे बरेच फोन आले. काळा बोका, पांढरी मांजर, एकाने तर पिल्लू विकत घेता का म्हणून विचारलं.

मग नारायण पेठेतून एका बाईंचा फोन आला. त्यांनी बक्षिसाचं नावही काढलं नाही. "तुमच्या फोटोतल्यासारखी एक आमच्याकडे यायला लागलीय. बघून जा." मी टोपली घेऊन गेले. जुनी इमारत, लाकडी जिना, पुढे गॅलरी, समोर सलग कौलं. शिवणयंत्राच्या झाकणावर मांजर बसली होती. करडी. शेपूट अंगाखाली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी शाळेच्या गणवेशात, हातात दुधाची वाटी घेऊन उभी, आणि माझ्याकडे न बघता टोपलीकडे बघत होती. तिने मांजरीचं नाव मॅगी ठेवलं होतं.

मी हाक मारली. मांजरीचा एक कान वळला. आता कान काय, कुकरच्या शिट्टीलाही वळतो. डोळे तिने मिटले, उघडले, पुन्हा मिटले. उठली नाही. सुंठीच्या पोटावर ऑपरेशनच्या टाक्यांचा व्रण होता, थोडा वाकडा. उचलून बघितलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. शेपटीचं टोक बघायला तर उचलायचीही गरज नव्हती. बाई म्हणाल्या, "तुमचीच आहे का हो?" मी म्हटलं, "नाही, आमची जरा मोठी होती."

घरी येऊन आईलाही तेच सांगितलं. आई रिकाम्या टोपलीकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ती माळ्यावर टाकायला लावली.

यावर माझं माझ्याशी भांडण आहे ते असं. तेव्हाची मी म्हणते: सातव्या मजल्यावर, जाळी लावलेल्या बाल्कनीत तिने काय केलं असतं? तिथे कौलं होती, गॅलरी होती, शिवणयंत्र होतं, आणि ती वाटी धरलेली मुलगी होती. ती उठून आली असती तर घेऊन आले असते. ती उठली नाही. आताची मी म्हणते: मग व्रण बघायला काय हरकत होती? बघून, तिचीच आहे हे कळून, ठेवून आली असतीस तर त्याला दान म्हटलं असतं. न बघता आलीस, त्याला काय म्हणायचं? तेव्हाची मी म्हणते: बघितलं असतं तर ठेवता आलं नसतं. आताची मी म्हणते: म्हणजे तुला माहीत होतं. तेव्हाची मी म्हणते: नव्हतं. दोघी हटत नाहीत. मला दोघींचंही पटतं, आणि दोघींचाही कंटाळा येतो.

यात त्या चित्रकथांचा काय संबंध? कोनामी कानातांच्या 'चीज स्वीट होम'चा आहे. 2004 ते 2015, बारा खंड, सगळे रंगीत. पहिल्याच प्रकरणात एक पिल्लू, म्हणजे ची, आईपासून चुकतं. योहेई नावाच्या मुलाला ते सापडतं, आणि यामादा कुटुंब त्याला अशा इमारतीत लपवून ठेवतं जिथे प्राणी पाळायला मनाई आहे. त्याच इमारतीत एक अस्वलासारखा काळा बोका असतो, चीचा गुरू. तो उघडकीला येतो आणि त्याच्या माणसांना घर सोडावं लागतं. चीला कळत नाही तो कुठे गेला. ती थोडे दिवस शोधते आणि मग खेळायला लागते. हे मी वाड्यात असताना वाचलं होतं, सुंठी शेजारी असताना. तेव्हा हे सगळं मला फार गोड वाटलं होतं.

शेवटच्या काही खंडांत पोस्टर येतं. हरवलेल्या मांजराचं पोस्टर, आणि त्यातलं मांजर म्हणजे ची. म्हणजे इतके खंड आपण ज्या पिल्लाला हसलो, ते पहिल्या पानापासून कोणीतरी शोधत होतं. हे खंड मी कोथरूडला वाचले. मी आजवर यामादांच्या घरात बसून वाचत आले होते. पोस्टर आलं आणि कोणाच्या घरात बसून वाचायचं ते कळेना. कानाताबाईंनी पोस्टर लावणाऱ्यांना वाईट ठरवलं नाही, यामादांनाही नाही. मला मात्र कोणीतरी वाईट असायला हवं होतं, म्हणजे सुटसुटीत झालं असतं. शेवटी ची कुठे राहते ते सांगत नाही. वाचा.

म्हणून मी ही पुस्तकं वाचते का? नाही. मायकल मी सुंठीच्या आधीपासून वाचते, आणि सुंठी आली नसती तरी वाचला असता. मांजर गेलं म्हणून मांजराची चित्रं, असं कोणी म्हणालं की मी त्या माणसाशी विषय बदलते. आणि तरी इतोंच्या डायरीत योन पाठ करून बसलेला दिसला की मी त्या पानावर जरुरीपेक्षा जास्त वेळ थांबते, हेही आहेच.

घरात मांजर का नाही, याला सोसायटीचं कारण देता आलं असतं. पण आमच्या सोसायटीत परवानगी आहे; खालच्या मजल्यावर दोन आहेत. आई गेल्यालाही आता काळ झाला, त्यामुळे तिचंही नाव पुढे करता येत नाही. ओशिमांनी साबानंतर गूगू आणला, आणि पुढे रस्त्यावरची एकेक करत घर भरून टाकलं. मला ते जमत नाही. का, ते विचारू नका; तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच होतं.

आणि कृपा करून "पिल्लं झालीत, एक देऊ का" हे मेसेज थांबवा. पुस्तकं हवी असतील तर जरूर मागा, जपानी येत नसेल तर इंग्रजीतली आहेत. मायकलपासून सुरू करा, मग इतो. ची देईन, पण बाराही खंड एकदम नेणार असाल तरच. मधेच सोडून परत आणून देणारे दोघं-तिघं झालेत, आणि नेमके पोस्टरच्या आधी सोडतात.