दुबईच्या फ्लॅटची पट्टी

बावीस वर्षं अडतीवर बसून मी शेतकऱ्यांच्या बेदाण्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, करतोय. तूट, हमाली, तोलाई कापून खाली राहील तेवढीच रक्कम खरी, हे तासगावात शाळकरी पोरालाही कळतं. आणि मीच दुबईचा फ्लॅट घेताना नुसता भाव ऐकून हो म्हणून बसलो.

पोरगा तिकडंच नोकरीला. फ्लॅट 6 लाख दिरहमचा. एजंट फोनवर म्हणाला, "वर फक्त चार टक्के." म्हणजे दुबई लँड डिपार्टमेंटची फी, 24,000. नियमात ती निम्मी विकणाऱ्याची, पण बाजारात सगळी घेणाऱ्याच्याच बोडक्यावर. मग त्याचे स्वतःचे दोन टक्के निघाले, त्यावर 5 टक्के व्हॅट, झाले 12,600. जिथं सह्या होतात त्या ट्रस्टी ऑफिसचे 4,200. मालकीपत्राचे पाचेकशे. शेवटी म्हटलं, बाबा, पट्टी करून पाठव. 41 हजारांच्या वर गेली! दिरहम 23 रुपये धरला तर साडेनऊ लाख. ते पोरानं पगारातून भरले.

खरा दणका इथंच, बँकेत बसला. परदेशी पाठवायच्या रकमेतले वर्षाचे पहिले 10 लाख सुटतात, त्यापुढं 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. फ्लॅटचे 1 कोटी 38 लाख मी एकट्यानं पाठवणार होतो. सीए म्हणाले, "वहिनींच्या खात्यावर माहेरच्या जमिनीचे पैसे आहेत ना? निम्मे त्यांच्याकडनं जाऊ द्या, फ्लॅट दोघांच्या नावावर करा." तेवढ्यानं 2 लाख कमी कापले. तरी दोघांचे मिळून 23 लाख 60 हजार अडकले. हा काही वेगळा कर नव्हे, आपल्याच नावावर जमा असतो. माझे मी डिसेंबरच्या अॅडव्हान्स टॅक्समध्ये वळते करून घेतले. हिचे रिटर्न भरल्यावर परत येतील, तोवर रोज विचारणा आहेच.

फ्लॅट भाड्यानं दिलाय. दुबईत भाड्यावर आयकर नाही म्हणून खूश होतो. पण मी राहतो तासगावात, तेव्हा ते भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, 30 टक्के वजावट घेऊन. शिवाय परदेशी मालमत्तेचा तक्ता वेगळा. तो आर्थिक वर्षाचा नसून 31 डिसेंबरपर्यंतचा असतो आणि राहून गेला तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

परवा सौदा ऐन रंगात असताना सीएंचा फोन आला, "तक्त्यात भरायचंय, दुबईच्या खात्यावर वर्षात जास्तीत जास्त किती शिल्लक होती?" हातातला बेदाणा तसाच तोंडात टाकला आणि पोराला फोन लावला.