मनीने आज बुलबुल आणला

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात मनी दारात हजर. तोंडात काहीतरी तपकिरी. आधी वाटलं उंदीर. मग शेपटीखालचा फिकट लाल डाग दिसला. लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू! माझ्या पायाशी ठेवलं आणि बाईसाहेब शाबासकीसाठी वर बघत बसल्या. मी ओरडले. तिला काय कळणार म्हणा.

मधुमालतीवरचं घरटं उंच होतं म्हणून मी निर्धास्त होते. पण ही पिल्लं धड उडता येण्याआधीच खाली उतरतात, दोन-चार दिवस झुडपांत धडपडत असतात. मनीला तेवढे पुरले.

दुपारी वाचत बसले. अमेरिकेत पाळीव आणि बेवारस मांजरं मिळून वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ चा अंदाज आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये घरोघरी प्रयोग केले. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली, रोज ५-१० मिनिटं खेळल्यावर २५ टक्क्यांनी. घुंगराने काही फरक नाही. आणि मी मारे घुंगरू बांधून मोकळी झाले होते! शिवाय आमची मनी दूधपोळीवर.

उरलेली पिल्लं उडेपर्यंत मनी घरात कोंडलेली. आत्ता सुतळीला चिंधी बांधून नाचवतेय तिच्यापुढे. तिचं लक्ष खिडकीकडे. बाहेर तारेवर बुलबुल बसलाय, चोचीत अळी धरून.