तुम्ही विचारलंत म्हणून: वाद्य कोणतं वाजवतेस?

लग्नात, बारशाला, चाळीच्या गच्चीवर, सगळीकडे हाच प्रश्न. "तू म्युझिक करतेस ना? मग वाद्य कोणतं?" पूर्वी मी "कीबोर्ड" म्हणून सुटका करून घ्यायचे. मग कोणीतरी हमखास "वाजव की एखादं गाणं" म्हणायचं आणि माझी पंचाईत व्हायची. म्हणून आता खरं काय ते सांगते.

माझं वाद्य म्हणजे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दहा-वीस रुपयांना मिळणारी पितळेची पातळ चकती. दहाच्या नाण्याएवढी, वर पांढरट सिरॅमिकचा थर. तिला पिएझो म्हणतात. घड्याळाच्या गजरात आणि पोरांच्या खेळण्यांत टिटिट करते ती हीच. वीज दिली की ती थरथरते. आणि उलटही होतं, तिला थरथरवलं की ती वीज देते. दोन वायरी सोल्डर केल्या, टेप गुंडाळली, झाला माइक. हा हवेतलं फारसं ऐकत नाही, ज्याला चिकटवाल त्याच्या पोटातलं ऐकतो. थेट साउंडवाल्यांच्या मिक्सरला जोडलात तर आवाज पत्र्यासारखा येतो, खर्ज गायब. मध्ये छोटा प्रीअँप, म्हणजे चकतीचा अशक्त सिग्नल सावरून पुढे देणारं सर्किट, लागतो. एवढं कळायला मला दोन महिने लागले, घरच्यांनी ते सोसले.

ही चकती मी आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पाण्याच्या पाइपाला लावते. पहाटे पाणी सुटायची वेळ झाली की हेडफोन लावून जिन्याखाली बसते. आधी लांबून एक सुस्कारा येतो. मागून पाणी येत असतं, त्याच्या पुढची हवा ढकलली जात असते. मग घसा खाकरल्यासारखी गुरगुर. सांध्यात कुठेतरी खण्ण. आणि वरच्या मजल्यावर कोणी फटकन नळ बंद केला की वाहतं पाणी जागच्या जागी थांबतं आणि तो धक्का लोखंडातून मागे येतो, धाड! तेवढाच तुकडा मी आठपट सावकाश करते. तो तीन सप्तकं खाली उतरतो आणि नगाऱ्यासारखा घुमायला लागतो. वरून दुसरे आवाज मिसळत नाही. तसे मिसळणारे लोक मला आवडतात, पण मला ते जमत नाही.

"ही परदेशी थेरं" असंही ऐकून घेते. आता, १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेरने आगगाड्यांचे आवाज रेकॉर्ड करून त्यातून रचना केली, हे खरं. त्याचं काम तबकड्यांवर चालायचं. तबकडीची खाच गोल बंद केली की तोच तुकडा फिरत राहायचा. आपण 'पिन अडकली' म्हणून वैतागतो, त्यातून त्याने तंत्र काढलं. घंटेच्या आवाजातला सुरुवातीचा टोलही तो कापून टाकायचा. मी देवघरातल्या घंटेवर करून पाहिलं. मागे राहिलेला घुमारा आजीला ऐकवला तर ती म्हणाली, "पेटी कोण वाजवतंय?"

पण १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) बसला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने येऊन तो मांडून दिला होता. आणि १९८२ साली इथे मुंबईत चरणजित सिंग या वादकाने जपानी रोलँड कंपनीच्या ड्रम आणि बेसच्या यंत्रांच्या साथीने सिंथेसायझरवर राग वाजवले होते. तेव्हा थेरं असलीच तर निम्मी घरचीच.

"पण यात सूर कुठे आहे?" हा खरा टोचणारा प्रश्न. त्यावर मी तंबोऱ्याकडे बोट दाखवते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवतात तो कशासाठी? तार घोडीच्या उतारावर घासून झणझणावी म्हणून. ती झणझण नसेल तर तंबोरा मुका वाटतो. मिरजेचे कारागीर जवारी लावताना घोडी घास-घास घासतात ते त्या झणझणीसाठीच. गवई डोळे मिटून ज्यात सूर शोधतो, ते एका परीने नीट लावलेलं खरखरणंच आहे. मीही खरखरच लावत बसते, फक्त माझी घोडी बीएमसीच्या पाण्यावर चालते.

फजितीही होते. एकदा एका हॉलमध्ये मिक्सरचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून, नुसत्या नॉबांवर तो फीडबॅक, म्हणजे स्वतःचाच आवाज पुन्हा आत जाऊन उठणारी शिट्टी, खेळवत होते. ऐन रंगात असताना तिथला साउंडवाला धावत आला आणि आवाजाचे सगळे फेडर (सरकपट्ट्या) खाली ओढून प्रेक्षकांना म्हणाला, "सॉरी, वायर खराब आहे." टाळ्या पडल्या. त्याला, मला नाही.

सगळ्यात चिवट प्रश्नकर्त्या म्हणजे समोरच्या काकू. गेल्या मे महिन्यात त्यांना पहाटे जिन्याखाली बसवलं आणि हेडफोन दिले. सुस्कारा, गुरगुर, खण्ण. काकू गंभीर. मी वाट बघत होते की आता तरी म्हणतील, वा.

"अगं, हवा येतेय. आज प्रेशर नाही," म्हणत त्या उठल्या आणि पदर खोचून हंडे मांडायला पळाल्या.

त्या दिवसापासून रोज पहाटे पाचला दारावर थाप पडते. "झोपलीस का गं? जरा तुझ्या वाद्यात बघून सांग, पाणी निघालं का?"