अलंगचा लाइफराफ्ट : बडोद्याहून निघण्याआधी वाचा

मित्राची चौतीस फुटी शिडाची बोट, डिसेंबरात मुंबई-लक्षद्वीपचा बेत, आणि लाइफराफ्ट, म्हणजे बोट बुडाली तर जीव वाचवायचा गॅसने फुगणारा तराफा, आणायचं काम माझ्या गळ्यात. का, तर मी बडोद्याचा, आणि जुनी जहाजं तोडून त्यांचं सामान विकतात ते अलंग 'जवळच'! जवळ कसलं डोंबलाचं. वटामण चौकडीनंतर धोलेऱ्याचा खारा माळ संपता संपत नाही. भावनगरला मुक्काम, निष्कलंक महादेव वगैरे झालं. छान होतं.

त्रापजहून अलंगकडे वळलं की दुतर्फा दुकानं : सोफे, भांडी, जहाजातली बेसिनं. राफ्टवाल्याने पांढऱ्या फायबरच्या डब्यावर थाप मारली, "सर्व्हिस थयेलो छे, साहेब." बावीस हजारांचे घासाघीस करून सोळा केले आणि मी खूश! चढवायला पाच हमाल लागले, आठशे रुपये वेगळे. शंका तिथेच यायला हवी होती.

घरी पार्किंगमध्ये सर्व्हिसचा स्टिकर नखाने खरवडला. खाली दुसरा स्टिकर, सहा वर्षांपूर्वीचा. राफ्ट फुगवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरवर भरलेलं वजन ठोकलेलं असतं. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला, पावणेतीन किलो कमी भरला. राफ्ट उलगडला तर घड्यांवरचा लेप सुटून बोटांना चिकटत होता.

हे सगळं धड असतं तरी उपयोग शून्य. राफ्ट पंचवीस जणांचा, आम्ही चौघे. जवळजवळ रिकामा राफ्ट वाऱ्याने सहज पालथा होतो. आणि तो डबा हलत्या डेकवरून पाण्यात ढकलणार कोण?

तेव्हा मोठ्या जहाजाचा जुना राफ्ट घेऊच नका. आयएसओ ९६५०-१ (छोट्या बोटींच्या राफ्टचं आंतरराष्ट्रीय मानक) चा, चार किंवा सहा जणांचा नवा घ्या. छत, पालथा होऊ नये म्हणून तळाशी पाणी भरणाऱ्या पिशव्या आणि आणीबाणीच्या सामानाचा चोवीस तासांहून जास्तीचा पॅक बघून. बॅगेतला साधारण तीस-चाळीस किलोंचा असतो, दोघांना उचलतो. डेकवर डब्यात बसवणार असाल तर हायड्रोस्टॅटिक रिलीज लागेल. बोट बुडाली की दीड ते चार मीटर खोलीवर हा रिलीज पाण्याच्या दाबाने राफ्टला मोकळं करतो. रिलीजचा नेहमीचा, वापरून टाकून द्यायचा प्रकार दोन वर्षांनी बदलायचा. मला फुकट म्हणून दिलेला २०१७ चा होता.

"मग डिंगीच (बोटीसोबतची छोटी होडी) नेऊ" म्हणणाऱ्यांनो, तिला ना छत ना त्या पिशव्या. किनाऱ्यावर ये-जा करायला ठीक.

आणि राफ्ट असला तरी घाईने उतरू नका. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत राफ्टमध्ये गेलेले काही जण दगावले, त्यांनी सोडलेल्या बोटी मात्र नंतर तरंगताना सापडल्या.

तरीही स्वस्ताचा मोह सुटत नसेल, तर पैसे देण्याआधी डी. जी. शिपिंगची (केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याची) मान्यता असलेल्या सर्व्हिस स्टेशनकडून राफ्ट तपासून घ्या. दुकानदार नको म्हणाला तर गाडीत बसा. येताना स्टीलचे डबे आणा, ते मात्र फर्स्ट क्लास मिळतात.