गवत कापायच्या मशीनचं इंजिन घरीच उघडलं, माझा अनुभव

मशीन ऑईल खातंय हे मला कळायला अख्खा सीझन गेला. दोरी ओढली की निळसर धूर, मग जरा वेळ बरं चालायचं आणि गवत दाट आलं की दम लागल्यासारखं बंद. मी आपला कार्ब्युरेटर साफ करत बसलो, तेही दोनदा. प्लग काढून बघितला असता तर तिथेच कळलं असतं, काळाकुट्ट आणि ओला होता. शिवाय दोरी एका हाताने सहज यायची, मला वाटायचं वा काय स्मूथ झालंय, ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय हे डोक्यातच आलं नाही.

मग उघडलं एकदाचं. प्लगची वायर आधी काढून लांब बांधली, कारण पातं हाताने फिरवताना इंजिन चुकून पेटलं तर बोटं गेलीच. पेट्रोल, ऑईल काढलं, पातं काढलं, हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण आणि खालचं कव्हर उघडलं, प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो. सिलिंडरच्या वरच्या कडेला कार्बनचा कडक थर होता तो आधी खरवडला, नाहीतर पिस्टन वर ढकलताना अडकतो.

बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नखाला लागेल असा ओरखडा नव्हता, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलून भागणार होतं. तरी खात्री केली. जुनी रिंग पिस्टनवरून काढून नुसतीच बोअरमध्ये ठेवली, पिस्टनच्या डोक्याने आत ढकलून सरळ केली आणि दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या ठराविक जाडीच्या, पट्ट्या घालत गेलो. पट्टीवर पट्टी जोडून 1 मिमी झालं तरी अजून हलत होतं! नव्या रिंगला तीच फट 0.3 च्या आसपास भरली.

नव्या रिंगा बसवल्या, फटी एका रेषेत येऊ दिल्या नाहीत, सगळीकडे ऑईल चोपडलं, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची कॅप आवळली आणि क्रँक, म्हणजे पातं फिरवणारा दांडा, जाम. हलेचना. दोन तास डोकं खाजवलं. रॉड आणि कॅपवर खुणा असतात त्या एका बाजूला यायला हव्यात, मी कॅप उलटी लावली होती, आणि इतक्या फोटोंमध्ये नेमका त्याच जागेचा फोटो धूसर. रॉकेलने पुसून टॉर्च मारला तेव्हा ती टिकलीएवढी खूण दिसली. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरवरच्या खुणा मात्र नशिबाने पहिल्याच फटक्यात जुळल्या.

हेडला नवीन गॅस्केट घातलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, ताजं ऑईल भरलं. सुरू केल्यावर पाच मिनिटं परत निळा धूर, माझा जीवच गेला, पण तो चोपडलेल्या ऑईलचा होता, जळून संपला. 5 तास चालवून ऑईल बदललं, त्यात चंदेरी चकाकी होती, रिंगा बसतायत. दोरी मात्र आता चांगलीच जड येते, परवा खांदा धरला.